पाळीच्या पाण्याची खबर देणारं यंत्र मुलांसोबत घरी कसं बनवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात घर, खाली पाच हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी पहाटे तीनला तर कधी भर दुपारी. आई-वडील दोघंही नोकरीला. वडलांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठची. मुलांना हाताशी घेऊन ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर टाकीची पातळी दाखवणारं आणि मोटर आपोआप चालू-बंद करणारं काहीतरी बनवायचं आहे. सेन्सर कोणता घ्यावा, खर्च किती येईल, मोटर बोर्डाला जोडावी का, आणि मुलांनी यात नेमकं काय करावं, असं विचारलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इंटरनेटवर या विषयाचे जे प्रकल्प सापडतात ते जवळपास सगळे चोवीस तास पाणी असलेल्या गावांसाठी आहेत. ते गच्चीवरच्या टाकीपासून सुरू होतात आणि मोटरवर संपतात. सोलापुरात गच्चीवरची टाकी ही दुय्यम बाब आहे. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी उचलून आणायचं, वाटेत कुठे वीज गेली किंवा पाइप फुटला की सगळ्या शहराची पाळी पुढे सरकते. त्यामुळे आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवं ते हे, की नळाला पाणी सुटलं का, किती वेळ होतं आणि हौदात किती पडलं. तुमचं यंत्र हौदाच्या तोंडापाशी सुरू करा. गच्ची नंतर, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

पाणी आलं हे ओळखायला बहुतेक जण वायएफ-एस२०१ नावाचा प्रवाहमापक आणतात. अर्ध्या इंची, प्लास्टिकचा, आत छोटी चक्री. मिनिटाला १ ते ३० लिटर मोजतो, लिटरमागे साधारण ४५० ठोके देतो. वस्तू वाईट नाही, पण पाळीच्या नळाला दोन कारणांनी फसते. चार दिवस रिकाम्या पडलेल्या पाइपमधून पाण्याच्या आधी हवा सुटते आणि ती चक्री जोरात फिरवते. यंत्र सांगतं पाणी आलं, प्रत्यक्षात नुसता फुसफुसाट असतो. दुसरं म्हणजे पहिल्या पाण्यासोबत येणारा गाळ आणि गंजाचे कण चक्रीच्या आसात बसतात आणि काही महिन्यांत ती अडखळायला लागते.

त्यापेक्षा हे करा. अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा मग घ्या. त्याच्या बुडाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. मगाच्या आत छोटा फ्लोट स्विच उभा बसवा. दांडीवर सरकणारा तरंगता मणी आणि आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) असलेला हा स्विच शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. हा मग हौदात पडणाऱ्या नळाच्या तोंडाखाली स्टेनलेसच्या पट्टीने पक्का टांगा. पाणी सुटलं की तो भरतो, मणी वर येतो, स्विच जुळतो. पाणी थांबलं की भोकातून मग तीनेक मिनिटांत रिकामा होतो आणि स्विच सुटतो. भोकातून मिनिटाला साधारण पाव ते तृतीयांश लिटर पाणी जातं, म्हणजे नळाची ठिबक मग भरू शकत नाही, हवेने काही होत नाही आणि धार क्षणभर तुटली तरी यंत्र लगेच “पाणी गेलं” म्हणत नाही. गाळाने भोक बुजू शकतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी काडीने मोकळं करायचं. भोक मुलांना पाडू द्या आणि मग रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते त्यांनाच मोजू द्या. २ मिलिमीटर, ३ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर अशी तीन भोकं तीन मगांना पाडून वेळ मोजली, तर भोकाचा व्यास दुप्पट केल्यावर वेळ चौथ्या हिश्शावर येते हे मुलगी स्वतःच्या आकड्यांतून काढेल.

मणी दांडीवरून काढून उलटा घातला की स्विचचं काम उलटं होतं. पाणी वर आल्यावर जुळणारा स्विच पाणी वर आल्यावर सुटणारा होतो. हे लक्षात ठेवा, मोटरच्या वेळी उपयोगी पडेल. हा छोटा स्विच दहा वॅटपर्यंतचाच असतो. त्यातून फक्त संकेत न्यायचा, मोटर कधीही नाही.

हे सगळं तुमच्या स्वतःच्या पाइपाच्या हौदात पडणाऱ्या टोकाला करायचं. मीटर, महापालिकेची जोडणी, रस्त्याकडचा व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही, आणि नळाला थेट मोटर तर अजिबात लावायची नाही. ते नियमाबाहेर आहेच, शिवाय गल्लीच्या टोकाच्या घराचं पाणी त्याने तुटतं.

आता पातळी. तारा किंवा स्क्रू पाण्यात सोडून त्यातून वीज जाते का ते बघणारे स्वस्त इंडिकेटर मिळतात. बोअरच्या जड पाण्यात त्यांच्यावर पांढरा थर चढतो, आणि सतत डीसी वीज दिली की धन टोकाची तार विरघळत जाते. पिण्याच्या पाण्यात ते नको. अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, जो ध्वनीलहर पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतो, पण चार पायांचा उघडा एचसी-एसआर०४ नको, वाफेने तो लवकर जातो. जेएसएन-एसआर०४टी घ्या. याचा डोळा, म्हणजे लहर सोडणारा भाग, बंदिस्त असतो आणि अडीच मीटरच्या वायरने वेगळ्या सर्किटच्या पट्टीला जोडलेला असतो. ही वायर वाढवायची नाही. अंतर कमी पडलं तर पट्टीच जवळ न्यायची.

या सेन्सरची मोठी मर्यादा म्हणजे डोळ्यापासून २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. हजार लिटरच्या टाकीत पाणी झाकणाच्या दहा-बारा सेंटिमीटर खालपर्यंत चढतं, म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच सेन्सर आंधळा होतो आणि काहीतरी भलताच आकडा देतो. काही जण झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून डोळा वर नेतात. त्या पाइपच्या कडेवरून खोटे प्रतिध्वनी येतात, कारण या डोळ्याची लहर चांगलीच रुंद पसरते. सरळ मार्ग असा, की “टाकी भरली” हे सेन्सरने ठरवायचंच नाही. ते काम ओव्हरफ्लोच्या पाइपखाली ५ सेंटिमीटरवर लावलेल्या फ्लोट स्विचचं. सेन्सरने मधली पातळी दाखवावी, वरची २० सेंटिमीटर सोडून द्यावी.

डोळा बसवताना पाणी पडायच्या धारेपासून लांब आणि भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर आत ठेवा. हौदात पायऱ्या किंवा फूटव्हॉल्व्हचा (मोटरच्या ओढपाइपच्या तळाच्या झडपेचा) पाइप त्याच्या थेट खाली नको.

जोडणीत इथे एक चूक फार होते. सेन्सरचा एको, म्हणजे प्रतिध्वनीचा, संकेत ५ व्होल्टचा असतो आणि ईएसपी-३२ ला ३.३ च्या वर सोसत नाही. थेट जोडलं तर काही दिवस चालतं, मग ती पिन मरते आणि दोष सेन्सरवर जातो. एक किलोओमचे तीन रेझिस्टर घ्या. एक एको आणि पिनच्या मध्ये, उरलेले दोन एकापाठोपाठ पिनपासून ग्राउंडपर्यंत. पिनवर ३.३ व्होल्ट पोहोचतात. मुलाला आधी मल्टिमीटरने ५ व्होल्टच्या चार्जरवर हे तीन रेझिस्टर लावून मधला व्होल्टेज मोजायला लावा, मगच सेन्सर जोडा. पिना निवडताना ट्रिगर (लहर सोडायचा हुकूम) १८ ला, एको १९ ला, फ्लोट २५ आणि २६ ला, तापमानाचा सेन्सर ४ ला आणि पुढे रिले (संकेतावर चालणारा स्विच) २७ ला द्या. ०, २, १२ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतः वाचतो, ६ ते ११ आतल्या मेमरीच्या आहेत, ३४ ते ३९ फक्त आत घेणाऱ्या आहेत आणि त्यांना आतला पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही. या टाळल्या की निम्म्या अडचणी जन्मालाच येत नाहीत. हा सेन्सर ट्रिगरचा ठोका किमान २० मायक्रोसेकंदांचा मागतो. ईएसपीहोम या बोर्डासाठीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात १० असतो, २० करून घ्या, नाहीतर मधूनच आकडे गायब होतात.

सोलापूरच्या उन्हाचं इथे वेगळं गणित आहे. आवाजाचा हवेतला वेग २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, आणि बहुतेक तयार कोडमध्ये हाच आकडा कायमचा लिहिलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. काळ्या टाकीत झाकणाखालची हवा ४५ अंश धरली तर वेग ३५८ च्या वर जातो. मग टाकीत पाणी झाकणापासून एक मीटर खाली असताना यंत्र ९५-९६ सेंटिमीटरच सांगतं. म्हणजे टाकीत चारेक सेंटिमीटर पाणी जास्त दिसतं, लिटरमध्ये जवळपास चाळीस. उन्हाळ्यात, जेव्हा हिशेब सगळ्यात काटेकोर हवा, तेव्हाच यंत्र खोटी भरवशाची बातमी देतं. उपाय शंभर रुपयांचा आहे. डीएस१८बी२० हा वायरच्या टोकाला स्टीलची नळी असलेला तापमानाचा सेन्सर झाकणाच्या आतल्या बाजूला टांगा, त्याच्या डेटा तारेला ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओमचा रेझिस्टर द्या, आणि वेग काढताना ३३१.३ अधिक तापमानाच्या ०.६०६ पट हे सूत्र वापरा. सातवी-आठवीच्या मुलाला हे सूत्र कळतं. सकाळी सातला आणि दुपारी तीनला, टाकीतलं पाणी न वापरता, दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना आकडे लिहून घ्यायला सांगा. फरक त्याला कागदावर दिसू दे.

हौदात हवा थंड असते, तिथे हा सेन्सर नसला तरी चालेल.

एकेका वाचनावर विसंबू नका. पाणी हलत असतं, पहाटे डोळ्यावर वाफेचे थेंब बसतात. दर तीस सेकंदांनी सात वाचनं घेऊन मधलं वाचन धरा. आधीच्या आकड्यापासून पाच सेंटिमीटरहून मोठी उडी असेल तर ती सलग तीनदा आल्याशिवाय मानू नका. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एक खोटं वाचन सरासरी बिघडवतं, मधल्या आकड्याला त्याने काही होत नाही. मुलाला वर्गात मध्यक शिकवला असेल किंवा लवकरच शिकवतील, त्याचा खरा उपयोग इथे आहे.

पातळीचे लिटर करणं हे काम पूर्णपणे मुलांचं. टाकीला बाहेरून दोरी गुंडाळून घेर मोजायचा. समजा ३४० सेंटिमीटर आला. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास १०८ च्या आसपास. भिंतीची जाडी दोन्हीकडून मिळून सव्वा सेंटिमीटर वजा केली की आतला व्यास १०७. म्हणजे दर सेंटिमीटर उंचीला नऊ लिटर. आता पडताळा: मोजलेल्या १५ लिटरच्या बादलीने टाकीखालच्या नळातून सहा बादल्या काढायच्या. ९० लिटर गेले, म्हणजे पातळी १० सेंटिमीटर उतरायला हवी. नऊ ते अकराच्या बाहेर गेली तर घेर, बादली किंवा कोड यातलं काहीतरी चुकलंय, ते शोधायचं. काढलेलं पाणी पिंपात साठवायचं, ओतून द्यायचं नाही. हौद चौकोनी असेल तर आणखी सोपं. दोन मीटर बाय दीड मीटरचा हौद सेंटिमीटरला तीस लिटर देतो. हौदाची मापं मात्र मोठ्यांनी घ्यायची. झाकण उघडं असताना आठ वर्षांच्या मुलीने हौदाजवळ यायचं नाही, आणि आत उतरायची वेळ आली तर मोठ्या माणसानेही एकट्याने उतरायचं नाही, बंद हौदातली हवा कोंदट असते.

वीज आणि वायर याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि बिघाड तिथेच जास्त होतो. खालून गच्चीपर्यंत नेटवर्कच्या केबलमधून ५ व्होल्ट नेले तर काय होतं ते बघा. वीस मीटर केबल, जाऊन-येऊन चाळीस मीटर तांब्याची बारीक तार, तिचा रोध सव्वातीन ते साडेतीन ओम. वायफाय बोलताना बोर्ड ०.३ अँपियर ओढतो, म्हणजे एक व्होल्ट वाटेतच जातो. बोर्डाला चारच उरतात आणि तो पुन्हा पुन्हा रिसेट होतो. म्हणून खालून १२ व्होल्ट पाठवा. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना वापरतात तो एक-दोन अँपियरचा अडॉप्टर पुरतो. वर पोहोचल्यावर बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या पट्टीने) ५ व्होल्ट करा. बकवरचा स्क्रू फिरवून ५ व्होल्ट मल्टिमीटरवर दिसेपर्यंत बोर्ड जोडू नका. दुकानातून ते कन्व्हर्टर कितीवर लावलेलं येईल याचा नेम नसतो. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, तिचा रोध जास्त असतो आणि टोकं लवकर तुटतात.

वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ईएसपी-३२ ला ५ गिगाहर्ट्झ कळत नाही. राउटर दोन्ही एकाच नावाने देत असेल तर २.४ साठी वेगळं नाव करा. दोन स्लॅब ओलांडून गच्चीवर सिग्नल उणे ७५ डीबीएमच्या (सिग्नलच्या जोराचं माप) खाली गेला तर बोर्ड जिन्याच्या खोलीत आणा आणि तिथून टाकीपर्यंत सेन्सरच्या पट्टीची चार तारांची वायर न्या. बोर्ड उन्हात नसण्याचा फायदाही मिळतो. डबा पाणी न शिरणारा, पांढरा किंवा करडा, वायरी आत जायची भोकं खालच्या बाजूला आणि प्रत्येक भोकाला ग्लँड (वायर घट्ट धरून फट बंद करणारी बुची). एक भोक उघडं राहिलं तर मुंग्या आणि पाली आत घर करतात. सील करायला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. इलेक्ट्रॉनिक्सला चालणारा, वास नसलेला मागून घ्या.

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी शिकण्यापुरत्या. कायमच्या जोडणीला झिरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची पट्टी), सोल्डर आणि स्क्रूचे टर्मिनल. गच्चीवर तापून-थंड होऊन जंपर सैल होतात आणि मग “कधी चालतं, कधी नाही” असा आजार जडतो, ज्याचं कारण सापडायला सगळ्यात जास्त वेळ जातो. फ्लोटच्या वायरी दहा मीटरहून लांब असतील तर आतल्या पुल-अपवर राहू नका. बाहेरून ४.७ किलोओम ३.३ व्होल्टकडे आणि पिन-ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावा, नाहीतर मोटर सुरू झाल्याच्या झटक्याने यंत्र टाकी भरली समजेल.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत असं, की मुलाने पहिली आवृत्ती आर्डुइनोच्या साध्या कोडमध्ये स्वतः लिहावी: ट्रिगर, एको, वेळ, अंतर, लिटर. वीस-पंचवीस ओळी होतात. सूत्र त्याच्या हातून एकदा जाऊ द्या. मग घरात कायम चालणारी आवृत्ती ईएसपीहोम आणि होम असिस्टंट (घरातली यंत्रं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांवर करा, कारण वायफाय तुटल्यावर परत जोडणं, घरबसल्या अपडेट करणं ही कटकट तिथे आधीच सुटलेली आहे. घरी जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय असेल तर होम असिस्टंट त्यावर चालतो. नसेल तर ईएसपी-३२ स्वतःच एक साधं वेबपान घरातल्या फोनना दाखवू शकतो, सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.

खबर कशी द्यायची यावर विचार करा. फोनवरचा संदेश फोन बघणाऱ्यालाच पोहोचतो. आजी-आजोबा घरी असतात, पाण्याचं वेळापत्रक बहुतेक घरांत त्यांच्याच डोक्यात असतं, त्यांना ॲप उघडायला लावू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लहान डब्यात तीन एलईडी लावा: नळाला पाणी आहे तर निळा, हौद अर्ध्याच्या वर हिरवा, पावच्या खाली लाल. पाणी सुटलं की दहा सेकंद बझर. रात्री अकरा ते पहाटे पाचच्या मध्ये बझर फक्त हौद निम्म्याच्या खाली असेल तरच वाजू द्या. हौद भरलेला असताना पहाटे तीनला सगळं घर उठवणारं यंत्र आठवड्याच्या आत कुणीतरी बंद करून टाकतं, आणि गरज असेल त्या रात्री ते बंदच राहतं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा आणि यंत्राची १२ व्होल्टची वायरही त्याच यूपीएसवर घ्या. वीज गेल्यावर पाणी येणं सोलापूरकरांना नवीन नाही.

मोटरला पहिला महिनाभर हात लावू नका. यंत्राने फक्त सांगावं, बटण माणसानेच दाबावं. महिनाभरात खोटी वाचनं, सैल जोडण्या, चुकीच्या मर्यादा सगळं उघडं पडतं, आणि त्या वेळी नुकसान काही होत नाही. महिना चोख गेला की पुढचं पाऊल.

ते पाऊल टाकताना २३० व्होल्टचं सगळं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, आणि मुलं त्या वेळी बोर्डाजवळ नकोत. निळ्या रंगाच्या छोट्या रिलेवर १० अँपियर लिहिलेलं असतं ते वाचून थेट मोटर जोडण्याचा मोह होतो. एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सात अँपियर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार ते सहा पट. त्या झटक्याने रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. स्क्रीनवर “मोटर बंद” दिसतं, खाली मोटर कोरडी फिरत राहते. मोटर कॉन्टॅक्टरवर (मोटरचा झटका सोसणारी दणकट रिले) चालवायची, सोबत जादा भार आल्यावर तोडणारा ओव्हरलोड, एमसीबी आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. मॅन्युअल-बंद-ऑटो असा तीन जागांचा स्विच हवाच. यंत्र बिघडलं तर घरातल्या कुणालाही ते बाजूला सारून मोटर चालवता आली पाहिजे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) लावायला सांगा, नाहीतर तो सुटताना बोर्ड रिसेट होतो.

पाण्यात २३० व्होल्टची तार उतरवायची नाही. १२ व्होल्टची एक छोटी रिले घ्या, कॉइलवर उलटा डायोड लावा, आणि तिच्या कॉइलच्या वाटेत तीन गोष्टी ओळीने ठेवा: गच्चीच्या टाकीचा फ्लोट, हौदाच्या तळाजवळचा फ्लोट आणि ईएसपीने चालणारी रिले. या १२ व्होल्टच्या रिलेने कॉन्टॅक्टर चालवायचा. वरच्या टाकीचा मणी असा घाला की भरल्यावर वाट तुटेल. हौदाचा असा, की पाणी असताना वाट जुळलेली राहील. मग कोड अडकला किंवा वायफाय गेलं तरी टाकी भरताच किंवा हौद रिकामा होताच मोटर बंद पडेल, आणि उंदराने तार तोडली तर लगेच. ईएसपीला सांगण्यासाठी याच जागी आणखी एकेक फ्लोट वेगळा लावा. दोन्ही कामांना एकच स्विच वापरू नका.

कोडमध्ये तीन नियम पुरतात. टाकी ३० टक्क्यांच्या खाली गेली आणि हौदात पाव तरी पाणी असलं तरच मोटर सुरू. सुरू झाल्यावर पाच मिनिटांत टाकीची पातळी किमान पाच सेंटिमीटर चढली नाही तर बंद करून बझर, कारण फूटव्हॉल्व्ह गळलाय, हवा धरलीय किंवा कुठेतरी पाइप सुटलाय. आणि काहीही असो, ४५ मिनिटांच्या पुढे मोटर नाही. तुमच्या मोटरने टाकी भरायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते मोजून ही मर्यादा त्याच्या दीडपट ठेवा. वीज परत आल्यावर रिले नेहमी बंद अवस्थेतच उठली पाहिजे, तसं कोडमध्ये ठरवून द्या. पाच-सहा वेळा प्लग काढून-घालून रिले टिकटिकत नाही ना ते ऐकून घ्या.

मुलांच्या वाटणीबद्दल. १२ व्होल्ट आणि त्याच्या खालचं सगळं काम मुलगा करू शकतो. सोल्डरिंगला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, आणि झाल्यावर साबणाने हात धुणं, सोल्डरमध्ये शिसं असतं. वीज देण्याआधी प्रत्येक वेळी दोन मोजमापं: प्लस-मायनस जुळलेले नाहीत ना, आणि व्होल्टेज बरोबर आहे ना. एवढी सवय लागली की बोर्ड जळत नाही. त्याने तार चुकीच्या पिनला लावली तर लगेच हात पुढे करू नका. आकडा का येत नाही ते त्याला शोधू द्या. एका बैठकीत एकच गोष्ट, तासाभराची. रविवारी सकाळी मगाचा स्विच, पुढच्या रविवारी नुसती एलईडी. एका दिवसात सगळं उरकायला घेतलं की काम वडलांचं होतं आणि मुलं बघे होतात.

मुलीकडे वही द्या. पाणी सुटलं तो वार आणि वेळ, थांबल्याची वेळ, हौद किती सेंटिमीटर चढला, त्याचे लिटर. यंत्र हेच आकडे स्वतःही साठवेल, तरी वही हवी. यंत्रातले आकडे आणि वहीतले आकडे जुळतात का हे बघणं हीच यंत्राची खरी परीक्षा आहे. दोन महिन्यांत दहा-बारा पाळ्या नोंदल्या जातील. त्यातून दोन पाळ्यांमधले तास काढून आलेख काढायचा आणि पुढची पाळी कधी येईल याचा अंदाज मुलीने आधी लिहून ठेवायचा. किती लिटर आले भागिले किती मिनिटं, यातून नळाचा जोर कळतो. उन्हाळ्यात तो किती उतरतो तेही दिसतं. घरात माणशी दिवसाला किती पाणी लागतं हा आकडा बहुतेक घरांना ठाऊकच नसतो. तुम्हाला तो तुमच्या मुलीच्या वहीतून मिळेल, आणि पाळी एक दिवस पुढे गेली तर कपडे आज धुवायचे की उद्या हे त्यावरून ठरवता येईल.

खर्चाचं म्हणाल तर ईएसपी-३२, दोन जेएसएन, फ्लोट, तापमानाचा सेन्सर, बक, अडॉप्टर, डबा आणि टर्मिनल मिळून अडीच हजारांच्या आसपास जातात, केबल वेगळी. अडॉप्टर, केबल, डबा, ग्लँड या वस्तू नवी पेठेत किंवा सीसीटीव्हीवाल्यांकडे हात लावून बघून घ्या. सेन्सर आणि बोर्ड ऑनलाइन मागवा, आणि दोन्ही एकेक जादा. चालणारा जादा सेन्सर हाताशी असला की बिघाड वायरीत आहे की सेन्सरमध्ये हे दोन मिनिटांत कळतं. मोटरचा कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड आणि वायरमनची मजुरी धरून आणखी तेवढेच ठेवा, तिथे हात आखडता घेऊ नका.

आणि दोघांचीही नोकरी इतकी धावपळीची असेल की रविवारचा तासही निघत नसेल, तर मोटरसाठी बाजारातला तयार फ्लोटवाला कंट्रोलर आजच बसवून घ्या, तो साधा आणि भरवशाचा असतो. मुलांसोबत फक्त मगाचा स्विच, हौदाचा सेन्सर, तीन एलईडी आणि वही एवढंच करा. त्यात २३० व्होल्टचा संबंध नाही, घाई नाही, आणि अर्धवट राहिलं तरी घरात पाणी चढायचं थांबत नाही.